परतीचे एकेचाळीस आकडे

माझ्या थापांवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून तर माझं आजवर निभावलं. द्रव हेलियमच्या टाकीत मी एकदा अख्खा उन्हाळा गोठवला होता, असं प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी सांगतो. हसतात, कामाला लागतात. कागदावर मात्र एकच थाप लिहिली, आणि तिच्यावर तीस वर्षं सगळ्यांनी विश्वास ठेवला.

मी ज्यांच्या हाताखाली मदतनीस होतो, त्या सरांनी धातूचा एक स्फटिक वाढवला होता, नखाएवढा. साध्या धातूत इलेक्ट्रॉन आपापल्या वाटेने जातात. ह्यात मात्र प्रत्येकाचा पाय दुसऱ्याच्या पायात. एकाला धक्का लागला की घोळकाच हलणार, मग कुठे तो सावरणार. तापमान निम्मं केलं की त्यांच्या टकरी चौथाईवर येतात आणि आलेख वाकतो, हे सरांना दाखवायचं होतं.

स्फटिक थंड होताना त्यांनी विजेला होणाऱ्या अडथळ्याचे, म्हणजे ह्या टकरींचे, एकेचाळीस आकडे घेतले. आमच्यात रीत अशी, की तोच स्फटिक सावकाश गरम करत आकडे पुन्हा घ्यायचे. जाताना-येताना वाट एकच निघाली, तरच ती खरी. तेवढ्यात सरांचे वडील गेल्याचा निरोप आला. परतीचं काम माझ्यावर सोपवून ते निघून गेले. मी पाहुण्यांना उन्हाळ्याची गोष्ट सांगत बसलो. हेलियम संपलं, स्फटिक भसकन गरम झाला. बापाला पोचवून आलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? जातानाचेच आकडे जरा इकडेतिकडे करून वहीत उतरवले. त्या आलेखावर सरांचं नाव झालं.

आता त्यांच्या शेवटच्या विद्यार्थिनीने तोच स्फटिक तीनदा मोजला, गोगलगायीच्या चालीने. तिन्ही वेळा रेघ सरळ. तापमान निम्मं, तर टकरीही निम्म्याच. सर म्हणाले, तुझे तारांचे जोड कच्चे आहेत. माझी वाट दोन्हीकडून तपासलेली आहे. पृष्ठभाग खरवडून नवे जोड दे, नाहीतर प्रबंध पाठवणार नाही. स्फटिक एवढा ठिसूळ, की खरवडला असता तर भुगाच हाती आला असता. आणि दुसरा नव्हता.

दुपारी ती सूक्ष्मदर्शकाखाली पातं धरून बसली होती. सर मागे उभे.

"पातं खाली ठेव, पोरी," मी म्हणालो. "परतीचे आकडे मी घरच्या घरी बनवले होते."

"काका, आज थट्टा नको," ती वर न बघता म्हणाली.

मी जुनी वही सरांपुढे उघडली आणि हेलियम संपल्यापासून सगळं सांगितलं. ते जातानाचं आणि परतीचं, दोन्ही पानं बोट फिरवत वाचत राहिले. स्फटिक तेव्हा घाईने थंड झाला होता. तापमापी पुढे पळाली आणि तो मागे राहिला. रेघ वाकली ती त्यामुळे. परतीला ती उलटी वाकली असती, आणि चूक त्याच दिवशी कळली असती. हे त्यांना मी समजावायची गरज नव्हती.

"आकडे बेमालूम जमवलेस," वही मिटत ते म्हणाले. "त्या दिवशी खरं सांगितलं असतंस, तर मी रागावलो असतो. तेवढंच."

मग तिच्या हातातलं पातं त्यांनी स्वतः काढून घेतलं. तिला म्हणाले, "मोज. ह्या वेळी मीही बसतो."

स्फटिक थंड झाला, मग तासन्‌तास सावकाश गरम होत राहिला. मी आकडे वाचत होतो, ती लिहीत होती. रेघ सरळच चालली होती. सर आमच्या दोघांच्या मधे बसले होते, आणि माझा प्रत्येक आकडा ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते.