सात पेट्या, सात प्राण

हातोडा दाणकन बसला आणि पेटीचे तुकडे कारखानाभर उडाले. शिवणकाम करणारे, बुटांचे तळवे चिकटवणारे, मालक, एवढंच काय, मालकांच्या सासूबाईसुद्धा श्वास रोखून उभ्या होत्या. माहिती साठवायच्या पेट्या विकायला आलेल्या गृहस्थानं शेजारच्या संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. तिथं पाकोळी नावाच्या मुलीच्या पावलाचं माप जसंच्या तसं!

"सात पेट्या, सात प्राण!" तो गरजला. "एक फोडली, सहा जिवंत! आग लागो, चोर येवो, तुमची माहिती अमर!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. सासूबाईंनी तर चक्क हात जोडले. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं पेटीबाबा.

मापवाली मागे उभी होती. वाकड्या पावलांसाठी बूट करणाऱ्या त्या कारखान्यात बावीस वर्षं तीच मापं घेत होती. दर सहा महिन्यांनी प्रत्येक पावलाचं नवं कार्ड. पाकोळी तिच्या धाकट्या बहिणीची लेक. ती दोन वर्षांची असल्यापासूनची सोळा कार्डं कपाटात होती. पाऊल कधी किती वळलं, सगळं त्यात होतं. पुढच्या महिन्यात ती कार्डं बघूनच डॉक्टर ऑपरेशनचं ठरवणार होते.

"फोडायची पेटी तुम्हीच निवडलीत," मापवाली म्हणाली. "आता पेट्यांसोबत तुम्ही जिन्याखाली बसवलंय ते मोठं मशीन बंद करून बघू या का?"

पेटीबाबा गोड हसला. "ताई, बाळाचा श्वास चालू आहे का, हे नाक दाबून बघतात का?"

सगळे खो खो हसले. मालक म्हणाले, "अहो बाई, पुरे! प्रत्येक गोष्टीत कसल्या शंका काढता?" ती खजील होऊन आपल्या कामाकडे वळली.

मग बाबाचा दुसरा मंत्र निघाला. कागद म्हणजे चोराला आमंत्रण; मापं मशीनमध्ये चढली की कार्डं फाडायची, नाहीतर हमी नाही! मालकांनी हुकूम सोडला. बावीस वर्षांची कार्डं मापवालीनं स्वतःच्या हातानं कागद चिरायच्या यंत्रात सारली. नोकरी तिथली, करते काय बिचारी!

तीन आठवड्यांनी जिन्याखालून जळका वास आला आणि कारखान्यातले सगळे पडदे एकदम काळे पडले. पेटीबाबाचा फोन बंद. मापवालीनं भराभरा स्क्रू काढून एक पेटी उघडली. आत एक दिवा, एक सेल आणि वजन यावं म्हणून लोखंडाचा तुकडा. दुसरी उघडली, तिसरी उघडली, तेच. पडद्यांच्या वायरी पेट्यांमागून सरळ जिन्याखाली गेल्या होत्या.

दुरुस्तीला आलेल्या बाईनं मशीन उघडून मान हलवली. "सगळं ह्या एकातच होतं, आणि हे जळून गेलंय. अहो, सात ठिकाणी प्रती खरंच ठेवता येतात, त्यात जादू कसली? फक्त मुख्य मशीन एकदा मुद्दाम बंद करून बघायचं."

"मी म्हणाले होते," मापवाली पुटपुटली.

डॉक्टरांनी सांगितलं, जुनी मापं नसतील तर दोन वर्षं नवी घेऊन बघावं लागेल. तोवर हाड पक्कं झालं तर त्यांचाही इलाज नाही.

"मावशी, माझी कार्डं तू नाही ना फाडलीस?" पाकोळीनं विचारलं.

"मीच फाडली गं," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.

डोळे पुसून तिनं पाकोळीचं पाऊल कागदावर ठेवलं, पेन्सिल फिरवली. मग तसंच दुसरं कार्ड केलं आणि ते तिच्या दप्तरात घातलं. गेलेली आठ वर्षं त्यानं परत येणार नव्हती, हे दोघींनाही कळत होतं.

तेव्हा मंडळी, चमत्कार दाखवणारा स्वतःच्या निवडीची पेटी फोडतो. तुम्ही तुमच्या निवडीची बंद करून बघा. लोक हसले तर हसू देत, पण उत्तर मिळेपर्यंत जुना कागद फाडू नका.