यादीतलं चारशे अठरावं नाव

"चारशे अठरा," आई फोनवर म्हणाली. "नंबर ध्यानात ठिव. रविवारी आठ ते पाच मतदान हाय. तू शनिवारीच ये."

चिऊ मांडीवर पीत होती. सात महिन्यांची. फोन खांद्यात धरून मी नुसती हूं हूं करत होते.

माहेर आटपाडीच्या आत, फाट्यावरून चालत वीस मिनिटं. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायकांचं मतदान होतं. त्यासाठी आई वर्षभर घरोघर सह्या घेत हिंडली होती. अंगणवाडीत मदतनीस आहे ती. सुटली की चपला न काढता तशीच निघायची. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. आणि यादीत जेवढ्या बायका असतील, त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवीला पडली तरच दुकान बंद होतं. जी येणार नाही ती आपोआप उभ्या बाटलीकडं.

"धा-बारा जणी तर मेल्यात," आई म्हणाली. "त्यांची नावं अजून हायती. आन लगीन होऊन गेलेल्या पोरी तरेचाळीस. तुमी आलासा तरच जमतंय."

हे सगळं कशासाठी, ते तिला सांगावं लागलं नाही. माझा धाकटा भाऊ राजरत्न चोवीस वर्षांचा आहे, आणि सकाळी नऊला तो त्या दुकानाच्या पायरीवर असतो. पुढचं दुकान सात किलोमीटरवर. "तितकं चालंस्तवर निम्मी तहान मरंल त्याची," असं आई म्हणायची, आणि वर्षभर तिनं त्या सात किलोमीटरांवरच आशा ठेवली होती.

सासर माझं रहिमतपूरजवळ. नवरा, जयराज, चाकणला कंपनीत; पंधरा दिवसांनी येतो, झोपतो, जातो. सासू-सासरे दिवसभर रानात. घरात मी आणि चिऊ. दिवसभरात जे काही बोलते ते तिच्याशी, आणि ती अजून उत्तर देत नाही. म्हणून असेल, आईनं माझा नंबर सांगितला तेव्हा बरं वाटलं. कुणीतरी मला मोजत होतं.

शनिवारी दोन गाड्या बदलून पोचले. फाट्यावर राजरत्न उभा होता, आंघोळ केलेला. माझ्या हातातून चिऊला घेतलं आणि तिचं तोंड स्वतःच्या तोंडापासून लांब धरून चालत राहिला. माझ्या ते लक्षात आलं.

घरी आईनं यादी दाखवली. हाताळून हाताळून तिच्या घड्या फाटल्या होत्या. जी नक्की येणार तिच्या नावापुढं लाल टिक. चारशे अठरासमोर टिक होती, दोनदा गिरवलेली.

मतदान शाळेत होतं, माझ्याच चौथीच्या वर्गात. बाहेर बायकांची ही रांग. पुढं बनुबाई, सत्तरीची, काठी टेकत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती.

"बायांनो, बाटली आडवी करा. उभी ठेवलीसा तर नवरा आडवा हुतोय."

"आजी, तुमचा तर कवाच गेला की."

"व्हय. पर तो गेला तवाबी आडवाच हुता."

रांगेतल्या सगळ्या हसल्या. पोलीसही. मीही हसले, आणि वाटलं, किती दिवसांनी.

आत टेबलामागच्या साहेबांनी यादीवरून पट्टी खाली नेली, परत वर आणली.

"नाव नाही, ताई."

"चारशे अठरा नंबर आहे."

"ती जुनी यादी. नव्या यादीत तुमचं नाव वगळलंय." मग जरा हळू आवाजात, "सासरी नाव लावलंय का तुम्ही?"

तेव्हा आठवलं. चिऊ महिन्याची होती. चुलत दीर ऋषिराज कागद घेऊन आला होता. सासरी ग्रामपंचायतीची निवडणूक यायची होती आणि तो उभा राहणार होता. "वहिनी, हितं सही करा." चिऊ रडत होती. मी सही केली. पुढं तो चार मतांनी निवडून आला, पेढे घेऊन आला, म्हणाला, "वहिनी, तुमचंच मत कामाला आलं." मी बटण त्याच्याच नावापुढचं दाबलं होतं. दुसऱ्या कुणाला ओळखतच नव्हते.

सासरी सासरचं आडनाव, माहेरी माहेरचं. दोन गावं, दोन नावं, असंच मी धरून चालले होते. सासरी नाव लागलं की माहेरचं जातं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मागच्या दारानं बाहेर आले. आई फाटकापाशी म्हाताऱ्यांना रिक्षातून उतरवून घेत होती. तिनं लांबूनच मान हलवून विचारलं, झालं? मी होय म्हणून मान हलवली. शाई नसलेलं बोट चिऊच्या दुपट्याखाली होतं.

पाचनंतर मोजणी झाली. ऊन अजून मैदानावर होतं. साहेबांनी पायरीवर येऊन कागद वाचला. एकूण महिला मतदार आठशे बारा. उभी बाटली अठ्ठावन्न. बाद नऊ. आडवी बाटली चारशे सहा.

पाठीमागं कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. साहेबांनी हात वर केला. चारशे सहा म्हणजे बरोबर निम्मी. निम्म्याहून जास्त नाहीत. दुकान चालू राहणार. आता वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"एक," बनुबाई म्हणाली. "एका बाईनं घात केला बगा. कुणाची तरी लेक आली न्हाई."

मी चिऊला छातीशी धरून पुन्हा पुन्हा तोच हिशेब करत होते. माझं नाव असतं तर बायका आठशे तेरा. माझं मत धरून चारशे सात. चारशे सात निम्म्याहून जास्त होतात. कसंही मांडलं तरी होतात.

आई घरी आली, हातपाय धुतले, भाकरी थापल्या. कोण आलं नाही हे तिनं बोलून दाखवलं नाही. मग ती चिऊला न्हाऊ घालायला बसली, तांब्यानं पाणी मीच ओतलं. हात लपवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

सकाळी आई फाट्यावर सोडायला आली, राजरत्नही माझी पिशवी घेऊन आला. दुकान उघडायला अजून अर्धा तास होता. चिऊच्या पायाला हात लावून म्हणाला, "मला वाटलं हुतं, ताई, ह्या बारीला बंद हुईल."

त्याला दुकान बंद व्हायला हवं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. आईलाही नसावं.

गाडी आली. मी खिडकीशी बसले आणि खाली वाकून म्हणाले, "आई, माझं मत पडलं न्हाई. नाव सासरी गेलंय. मी सही केली हुती."

"बगितलं काल तुझं बोट."

"मग बोलली न्हाईस?"

"पोर भिजलेली हुती. तवा कुठं बोलू?" तिनं खिडकीतून हात घालून चिऊचं टोपडं कानावर ओढलं. "मग पुढच्या बारीला तुला हिशेबात धरायची न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या दूध नको, असं गवळ्याला सांगावं तसं ती बोलली.

गाडी सुटली. राजरत्न गावाच्या वाटेला लागला होता. आई फाट्यावरच्या दगडावर बसली, आपल्या पिशवीतून यादी काढली, मांडीवर उलगडली. दिसत होती तोवर ती लाल पेन झटकत होती. शाई उतरत नसावी.