जॉबकार्डावरची एक ओळ

"वाचा," तो म्हणाला. "मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू दे."

एस्टिमेटचा कागद त्याने काउंटरवरून माझ्याकडे भिरकावला. सोफ्यावर बसलेल्या तीन गिऱ्हाइकांनी मोबाइलमधून माना वर काढल्या.

"तुम्हाला वाचता येतं," मी म्हटलं.

"येतं. पण माझा विश्वास बसत नाहीये. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी वाचलं. एकवीस वर्षं त्या काउंटरवर बसून मी हेच करत आले होते. महागड्या गाड्यांना काय झालंय आणि त्याला किती लागतील, हे माणसांच्या तोंडावर सांगायचं. इंजिनाचं हेड. गॅस्केट. पाण्याचा पंप. रेडिएटर. दोन सेन्सर. हेडचे बोल्ट, कारण ते एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाहीत. मजुरी. आणि सगळ्यात खाली एकूण.

एकूण ऐकून सोफ्यावरचा एक जण खुदकन हसला.

"याच्याहून कमी पैशात मी ही अख्खी गाडी विकत घेतलीय," कागद भिरकावणारा म्हणाला.

"गाडी जुनी झाली म्हणून पार्ट जुन्या भावात मिळत नाहीत."

"दर वेळी हेच ऐकवता."

"दर वेळी तुम्ही हेच विचारता."

हा माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमच्याकडे सगळे त्याला पायलट म्हणत. चौदा वर्षं तो एका कारखानदार साहेबांकडे ड्रायव्हर होता. त्यांची लांबलचक काळी गाडी सर्व्हिसिंगला आणायचा तेव्हा काउंटरवर बोटं वाजवून म्हणायचा, "साहेबांची गाडी आहे, आधी घ्या." बिल उलटूनसुद्धा बघायचा नाही. ते साहेबांच्या ऑफिसात जायचं आणि तिकडून मुकाट चेक यायचा. एकदा गाडी द्यायला तासभर उशीर झाला, तर हा थेट शेठच्या केबिनमध्ये गेला. शेठ म्हणजे आमच्या वर्कशॉपचे मालक. त्यांनी मला सगळ्या मेकॅनिकांसमोर उभं करून त्याची माफी मागायला लावली. तो खिशात हात घालून, छताकडे बघत ऐकत होता. हे मी विसरले नव्हते आणि विसरायचा विचारही नव्हता.

पुढे साहेब थकले. मुलाने नवी गाडी घेतली, नवा ड्रायव्हर ठेवला आणि जुनी गाडी पायलटला स्वस्तात देऊन टाकली. इतक्या वर्षांची शिल्लक त्याने त्या गाडीत घातली. लग्नांना भाड्याने द्यायची, नवरा-नवरीला मागे बसवून न्यायचं, असा बेत होता. कामंही मिळायला लागली. अशा गाडीतून उतरताना फोटो काढून घ्यायला लोक वाटेल तेवढे मोजतात.

मालक म्हणून पहिल्यांदा आला तेव्हा तो मागच्या दारच्या ड्रायव्हरांच्या बाकावर गेला नाही. पुढे सोफ्यावर बसला, पायावर पाय टाकला, कॉफी मागितली. मग मी बिल दिलं. पुढच्या चाकावर स्प्रिंगऐवजी हवेची पिशवी असते, ती फाटली होती आणि गाडी एका बाजूने जमिनीला टेकली होती. त्याने खालच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"साहेबांनाही एवढेच लावायचात?"

"एवढेच. तुम्ही बघत नव्हता."

त्यानंतर दिवा गेला. त्या गाडीचा दिवा म्हणजे नुसता बल्ब बदलून भागत नाही, सगळा सांगाडाच बदलावा लागतो. "एका दिव्याच्या पैशात नवी स्कूटर येते!" तो काउंटरवर मूठ आपटून ओरडला. "लुटारू आहात तुम्ही! ही बाई तर पहिली!" त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेबांनी तुम्हाला गाडी दिली, खिसा नाही दिला." सगळं वर्कशॉप हसलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. पुढे तो यायचा तेव्हा उभाच राहायचा. कॉफीला हात लावायचा नाही.

आणि आता हे इंजिन.

"ऐका," तो म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता आणि तेच जास्त वाईट होतं. "आठ महिन्यांपूर्वी इथेच पंप बदललाय. बाजारात निम्म्या पैशात मिळत होता. तुमच्या शेठने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, या गाडीला बाजारातलं चालत नाही, ओरिजिनलच घाला. घातला. वर्षाची वॉरंटी आहे. पंप फुटून इंजिन गेलं, तर भरून कोण देणार?"

काचेचं दार ढकलून शेठ बाहेर आले. ते बहुतेक आतून ऐकतच होते.

"पंपाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "लाल दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी दामटलीत. इंजिन शिजलं. चूक तुमची आहे, वॉरंटी बसत नाही."

"मी दामटली? मी जागच्या जागी थांबवली! या बाईंना विचारून थांबवली! विचारा की त्यांना!"

शेठनी मला विचारलं नाही. "मॅडम, आत या," एवढंच म्हणाले.

तो फोन मीच घेतला होता. शनिवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी होती. "मॅडम," पलीकडून आवाज आला, आणि मी क्षणभर त्याला ओळखलंच नाही. हा माणूस असा बोलतो हे मला माहीत नव्हतं. "लाल दिवा लागलाय. पाण्याचा. मी पुलावर आहे. मागे नवरी आहे."

"बाजूला घ्या आणि बंद करा."

"हॉल समोर दिसतोय हो. दोन मिनिटं लागतील. लग्नाची वेळ झालीय."

"दोन मिनिटांत इंजिन जाईल. आत्ताच्या आत्ता बंद करा."

इंजिन बंद झाल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला. मग एका बाईचं ओरडणं, दार आपटल्याचा आवाज आणि कुणीतरी त्याच्या आईवरून दिलेली शिवी. नवरीला भर पुलावर उतरवून मागच्या टेम्पोत बसवलं, हे मला नंतर कळलं. भाडं तर बुडालंच, वर नवरीच्या मामाने त्याच्या कानाखाली वाजवली.

केबिनमध्ये शेठनी जॉबकार्ड माझ्यापुढे सरकवलं. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीचं कार्ड मी लिहायचे. गाडी कशी आली, गिऱ्हाइकाने काय सांगितलं, आम्हाला काय आढळलं. शेठ वर्षानुवर्षं सांगायचे, भांडण झालं तर कार्डावर असेल तेच खरं.

"लिहा. इशारा दिवा लागूनही ग्राहकाने वाहन चालवत ठेवले. सही करा."

"त्यांनी थांबवलं होतं. मी फोनवर होते."

"फोनवर तुम्हाला चाकं दिसत होती?"

"इंजिन बंद झालेलं ऐकू आलं."

शेठ हसले. "मॅडम, या माणसामुळे तुम्हाला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली होती, आठवतं ना? आज तुमची वेळ आहे. लिहून मोकळ्या व्हा."

त्यांनाही आठवत होतं तर. मी कार्ड उचललं आणि मागे शेडमध्ये गेले. मोठे मिस्त्री इंजिन उघडून बसले होते. साठीचा माणूस, बोलणं मोजकं.

"मिस्त्री, तो थांबला होता. मग एवढं कसं झालं?"

त्यांनी काळ्या हाताने पंप उचलून दाखवला. आतलं प्लास्टिकचं चाक तडकलं होतं, दोन पाती जागेवर नव्हती. "चाक तुटल्यावर पाणी फिरेना, उकळून आधीच निघून गेलं होतं, ताई. दिवा लावणारी सुई पाण्याचा ताप मोजते. पाणीच नसेल तर ती काय मोजणार? दिवा लागला तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. त्याने बिचाऱ्याने थांबवून काय, नाही थांबवून काय."

"आणि ओरिजिनल पंप असा तडकतो?"

मिस्त्रींनी पंप फडक्यात गुंडाळला. "ओरिजिनलचं चाक लोखंडी असतं. मला डब्यातून जे काढून दिलं ते मी बसवलं. बिलात काय लिहायचं ते तुम्ही आणि शेठ बघता."

बिल मी केलं होतं. ओरिजिनलचा नंबर घालून, ओरिजिनलचा भाव लावून. डबा मी उघडून पाहिला नव्हता. एकवीस वर्षांत एकही डबा उघडून पाहिला नव्हता, ते माझं कामच नाही असं मी स्वतःला सांगत आले होते. असे आणखी किती पंप गेले असतील, तो हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला नाही. तेवढी छाती झाली नाही.

काउंटरवर येऊन मी लिहिलं: "शनिवार, सकाळी १०.५५. लाल दिवा लागताच ग्राहकाने फोन केला. मी सांगितल्यावरून गाडी जागेवर बंद केली. आठ महिन्यांपूर्वी बसवलेल्या पंपाचे आतील प्लास्टिक चाक तुटलेले आढळले." खाली सही केली, शिक्का मारला आणि गिऱ्हाइकाची गुलाबी प्रत फाडून त्याच्यासमोर ठेवली.

त्याने ती दोनदा वाचली.

"प्लास्टिकचं," तो म्हणाला. "म्हणजे पंप डुप्लिकेट होता."

"मिस्त्री म्हणतात ओरिजिनलचं चाक लोखंडी असतं."

"आणि बिल ओरिजिनलचं. कुणी केलं होतं बिल?"

"मी."

"सही कुणाची?"

"माझी."

मला वाटलं होतं, काय ते मला आता नीट सांगता येणार नाही, पण काहीतरी वाटलं होतं. तो पुढे वाकला. त्याच्या डोळ्यांत मघापेक्षा जास्त चीड होती.

"म्हणजे तुम्हीही चोरच."

"असेन," मी म्हटलं. "कागद नीट ठेवा."

त्या दिवशी संध्याकाळी शेठनी मला हिशेब करून घरी पाठवलं. एकवीस वर्षं काम केलेल्या माणसाला काढायला त्यांना चार वाक्यं लागली, त्यातली दोन ड्रॉवरच्या किल्ल्यांबद्दल होती.

घरी मी आणि आई, दोघीच. आई ऐंशीची. तिला कमी ऐकू येतं, पण ऐकायचं ते बरोबर ऐकते. सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "हा तोच ना, माफी मागायला लावणारा?"

"तोच."

"मग त्याच्यासाठी कशाला मेलीस?"

"त्याच्यासाठी नाही केलं."

"मग कुणासाठी?"

मी बंद करा म्हटलं आणि त्याने बंद केली, एवढंच होतं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

दोन महिन्यांनी मला एका टायरच्या दुकानात काम मिळालं. पगार निम्मा, आणि दिवसभर उभं राहायचं. पायलटने ग्राहक न्यायालयात तक्रार टाकल्याचं मला समन्स आलं तेव्हाच कळलं. त्याने स्वतः एक फोनसुद्धा केला नाही.

तारीख लागेपर्यंत दीड वर्ष गेलं. न्यायालयाच्या व्हरांड्यात एकच बाक होता. मी एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. मिस्त्री आलेच नव्हते. आत मी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिल्यावर शेठच्या वकिलाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्हाला नोकरीवरून काढलं, त्याचा राग आहे ना?"

"आहे."

"म्हणजे सूड म्हणून साक्ष देताय."

"राग दोघांचाही आहे मला. शेठचाही आणि यांचाही. यांनी मला तोंडावर चोर म्हटलंय, तरी यांनी गाडी थांबवली होती हेच सांगेन."

"बनावट पंपाचं बिल तुम्हीच केलंत, हे खरं का?"

"खरं आहे. तेही लिहून घ्या."

निकाल काही महिन्यांनी लागला. शेठनी निम्मा खर्च द्यावा. पण तोवर गाडी शेडच्या मागे उघड्या इंजिनाने धूळ खात पडली होती, वर जागेचं भाडं चढत होतं. पायलटने ती भंगारवाल्याला देऊन टाकली. भंगारवाल्याने सीटा आणि दारांचे पैसे दिले, बाकीचं लोखंडाच्या भावाने. हे सगळं मला टायरच्या दुकानात आलेल्या एका ड्रायव्हरकडून कळलं.

साक्षीच्या दिवशी मात्र त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पिंजऱ्यातून उतरले तेव्हा तो उठला आणि माझ्या अंगावरून निघून गेला. बघितलंही नाही. जवळून गेला तेव्हा लक्षात आलं की त्याने पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घातली होती, दोन्हींना कडक इस्त्री, आणि शर्टाच्या खिशावर कुठल्या तरी कंपनीचं नाव शिवलेलं होतं. मी व्हरांड्यात आले, तेव्हा कठड्यावरून खालचं आवार दिसत होतं. झाडाखाली एक करड्या रंगाची कोरी करकरीत गाडी उभी होती. त्याने डिकीतून फडकं काढलं, पुढची काच पुसली, मग मागच्या दाराची कडी पुसली, ज्या दारातून तो स्वतः आत बसणार नव्हता. घड्याळ बघितलं. मग घाईने पुढे बसला, आरसा नीट केला आणि गाडी हळूच फाटकाबाहेर काढली. मागची सीट रिकामी होती.