मुके तोडे

“हाई मुकं करी दे, चाचा,” सोमीबाई म्हणाली आणि तिनं धुळीनं भरलेला पाय सलाउद्दीनच्या समोरच्या पाटावर ठेवला.

सलाउद्दीननं वाकून पाहिलं. पायात त्यानंच ओतलेला पितळी तोडा होता. नक्षी जागच्या जागी, तडा कुठं नाही.

“काय व्हयनं त्याले? बिघडना का?”

“बिघडना नई. वाजस. वाजाले नको.”

शहाद्याच्या बाजारात सलाउद्दीनला सोनारांच्या ओळीत जागा नव्हती. पितळ ते पितळच, असं सोनार म्हणत. म्हणोत बापडे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून तो नक्षी काढी, वर माती लिंपी, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या जागी पितळ ओती. गाभ्यात आधीच गोमाई नदीतले खडे पेरलेले असत. तोडा थंड झाला की खालच्या फटीतून माती कोरून काढायची. खडे आत राहत आणि वाजत. खडा निवडताना तो थाळीवर टाकून कान देई. दहा टाकून एक ठेवी. पहाडातल्या बाया एवढ्या दूर त्याच्याकडे उतरत त्या याच आवाजासाठी. आणि ही बाई म्हणत होती, वाजायला नको!

“इंद्रसिंग नाकेदार शे ना जंगलमा,” सोमीबाईनं सांगितलं. “मोह येचाले गयं का त्याले धुंडनं बी पडत नई. झाडखाले खाटवर पडेल ऱ्हास. आम्हना पाय वाजनात का उठस. टोपली लेस, नी मंग दिनभर त्याना घरनं गवत कापाले लावस. फुकट.”

“मंग काढी ठेव घर.”

“मन्हा नवरा जिता शे, चाचा.”

लग्नात नवरीच्या पायात घालून हातोडीनं मिटवलेला तोडा दोघांपैकी एक मेल्यावरच निघायचा, ही पहाडातली रीत. सलाउद्दीनला ती ठाऊक होती. त्यानंच कितीजणींचे तोडे मिटवले होते. तरी तो भडकला.

“मुका तोडा मी बनाडस नई! ऊठ, चाल येठीन!”

राग आला होता नाकेदाराचा, निघाला बाईवर. गरिबावर निघायला राग नेहमीच तयार असतो. सोमीबाई पाटावरून पाय काढून चालू लागली.

“तिन्हावर कसाले आरडी ऱ्हायनात?” हलीमानं आतून नवऱ्याला सुनावलं. “जंगल काय तिनी बंद करं?”

पुढच्या बाजाराला सोमीबाई लंगडत आली. तोड्यातले खडे अडकून बसावेत म्हणून तिनं स्वतःच तो दगडानं ठेचला होता. पितळाला साधा पोचा पडला नव्हता. सलाउद्दीनचं काम पक्कं होतं. घोट्याचं हाड मात्र सुजून काळंनिळं झालं होतं.

सलाउद्दीननं तो पाय उचलून पाटावर घेतला. मग त्यानं हलीमाला मेण कोमट करायला सांगितलं. ओलं फडकं घोट्याभोवती गुंडाळून काडीनं फटीतून मेण आत दाबलं. एक तोडा, मग दुसरा.

“पाय आपट.”

तिनं बरा पाय आपटला. जमिनीचा आवाज आला, तोड्याचा नाही. सोमीबाईच्या मागे आणखी बाया उभ्या होत्या. दिवस मावळेपर्यंत पाटावर पाय येतच राहिले, आणि प्रत्येक पायागणिक सलाउद्दीन शिव्या देत होता, नाकेदाराला, सरकारला, स्वतःच्या हातांना. साप बाजूला व्हावा म्हणून माणूस जंगलात पाय वाजवत जातो. इथं माणसापासून वाचायला पाय दाबून जायचं! आजा-पणज्यापासून ज्या झाडांचा मोह वेचला, ती झाडं एका हुकमानं सरकारची झाली, आणि वेचणाऱ्या बाया झाल्या चोर. याला कायदा म्हणायचं तर लूट कशाला म्हणायचं?

आठवडाभरानं खुद्द इंद्रसिंग आला. खाकी कोट, हातात चांदीची पुरचुंडी. पाट पुढं ओढून तो बसला.

“मन्ही आंडेरनं, पोरनं लगीन शे. तिन्हाकरता तोडा बनाड. चांदी हाई ले.”

“चांदीनं काम सोनार करतस, दादा.”

“सोनारना तोडाले आवाज कोठे शे? मी रोज ऐकेल शे ना तुन्हा तोडा. डोया मिटीसन सांगू शकस, कोणती बाई कोणता नालामा शे. तसा हात आख्खा खानदेशमा नई.”

सलाउद्दीनचे हात थांबले. उभ्या जन्मात त्याच्या तोड्यांच्या आवाजाची एवढी पारख कुणी केली नव्हती. जो शब्द ऐकायला त्यानं केस पिकवले तो आला, आणि आला तो या माणसाच्या तोंडून! सलाउद्दीननं पुरचुंडी मागे सरकवली.

“तुम्ही ऐकतस,” तो म्हणाला, “म्हणीसनच तो आवाज मी मेणमा गाडी दिधा. चांदी उचला.”

इंद्रसिंग उठला. “भट्टीनं लाकूड जंगलमाइनच येस. ध्यानमा ठेव.”

“ठेवस. पाट बी ठेवा जागावर.”

लाकूड खरंच बंद झालं. सलाउद्दीन गोवऱ्यांवर भट्टी पेटवू लागला. आच पुरेना, पितळ अर्धवट वितळे. तो दिवसभर भाता हाणत बसे आणि कुणी बोलायला आलं तर अंगावर जाई.

आखाजीच्या सणाआधीचा बाजार होता. रस्त्याकडे पाठ करून, कान तेवढा रस्त्याकडे ठेवून तो भट्टी फुंकत होता. ऊन कलल्यावर त्यानं घाम पुसला आणि हलीमाला विचारलं, “पहाडवाल्या बाया आज उन्यात नईत का?”

“उन्यात नी गयात बी,” हलीमा म्हणाली. “आपलाच दारवरतीन गयात.”