पायाळूची लाथ

मंगळवार म्हटला की लासलगावच्या कांदा मार्केटामागच्या पत्र्याच्या शेडपुढे पाय ठेवायला जागा नसे. आत भिकनमहाराज. जन्मताना पायांकडून बाहेर आलेला, म्हणजे पायाळू. पायाळूची लाथ बसली की कमरेत भरलेली उसण जाते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. भिकनने त्यावर गादीच थाटली होती.

"लाथ माणसाला नाय, आतल्या शनीला हाय," प्रत्येक लाथेआधी महाराज बजावत. "ज्याच्या पोटात पाप, त्याचीच कळ मागं राहील."

हिरामण हमाल पालथा पडला. चार दिवसांपूर्वी वाकून गोणी उचलताना त्याची कंबर धरली होती. लाथ बसली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"गेली का कळ?"

कळ होती तिथेच होती. पण भोवती शंभर माणसं, त्यांत चार सासुरवाडीची. त्यांच्यादेखत पापी कोण ठरणार?

"गेली," म्हणत हिरामण ओठ चावून ताठ उभा राहिला. टाळ्या पडल्या. पुढे दोन आठवड्यांत कळ आपोआप ओसरली, तेव्हा तर तो चहाच्या टपरीवर महाराजांचे गोडवेच गाऊ लागला.

ते ऐकून त्याची चुलती सरुबाई शेडमध्ये आली. वय सत्तर, दिवसभर वाकून कांदा निवडणारी. लाथ बसली आणि ती उठलीच नाही.

नाशिकच्या दवाखान्यात हिरामणने आपल्या लाथेचीही हकीगत सांगितली, तेव्हा डॉक्टर रोहिणीताईंनी त्याला काकूचा एक्स-रे दाखवला. "वयानं हाडं ठिसूळ झालेली. लाथेनं मणका मोडलाय. तुमचे नुसते स्नायू आखडले होते. झटक्यानं ओझं उचललं, तासन्‌तास वाकून बसलं की पाठ धरते आणि बहुतेकदा काही दिवसांत आपली आपण सुटते. नाव मात्र लाथेचं होतं."

खाटेवरून सरुबाईने विचारलं, "हिरामण, तुझी कळ तवाच गेली व्हती ना रं?"

"नाय, काकू."

तिने डोळे मिटून घेतले. हिरामणला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या मंगळवारी तो शेडमध्ये उभा राहिला. "माझी कळ गेली नव्हती. लाजंपायी खोटं बोललो, आन् काकूचा मणका मोडला. आजून कोणाची राहिली व्हती?"

मग कोपऱ्यातल्या एका बाईने हात वर केला. मग तिच्या नवऱ्याने. मग हात मोजायची सोय राहिली नाही. महाराज चपला शोधू लागले.

लाथेत काहीच नव्हतं. सगळी करामत लाथेआधीच्या त्या एका वाक्यात होती. कळ राहिली म्हणणारा पापी, मग बोलणार कोण? म्हणून सांगतो, पाठ दुखणं हे पाप नव्हे. ओझं गुडघ्यांत वाकून उचला, बैठक मोडून मधूनमधून चाला. पाय बधिर झाले, लघवी अडली किंवा म्हातारं माणूस पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि बरं वाटलं नसेल, तर चारचौघांत तसं सांगा.

हिरामण आता रोज काकूला उठवून बसवतो. "कंबर कशी हाय?" असं विचारतो.

"खरं सांगू का?" ती म्हणते, आणि तो मान खाली घालतो.