जावयाच्या ऑफिसात माझा नंबर

वकील घरचाच असला की फी वाचते, असं सगळ्यांनी सांगितलं. बाकी काय काय जातं, ते कुणी सांगितलं नाही.

हॉटेलच्या लाँड्रीत मी चादरींना इस्त्री करायचे. मोठी वाफेची मशीन होती. बोटं आत जाऊ नयेत म्हणून तिला पुढे लोखंडी जाळी होती. काम भराभर उरकावं म्हणून मालकाने ती काढून टाकली, आणि एके दिवशी माझा उजवा हात आत गेला. बोटं कामातून गेली, नोकरीही गेली. नुकसानभरपाईचा दावा लावायचं ठरलं तेव्हा जावई छाती पुढे काढून म्हणाले, "आई, तुम्ही निर्धास्त राहा. मी बसलोय ना!"

आणि खरंच, ते नुसते बसले.

दर रविवारी लेकीबरोबर जेवायला यायचे. मी विषय काढला की, "चालू आहे, आई. कोर्टाचं काम असंच असतं," म्हणून ताट पुढे करायचे. खोदून विचारावं तर लेक डोळे वटारायची. जावयाला टोकायचं कसं, म्हणून मीही गप्प. उजवा हात रुमालात गुंडाळून डाव्याने वाढायचे. जेवताना कुणाला किळस यायला नको.

शेवटी न राहवून मीच कोर्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझं नाव शोधलं, पुन्हा शोधलं. म्हणाल्या, "मावशी, या नावाचा दावाच लागलेला नाही. आणि मुदत शुक्रवारी संपतेय. त्यानंतर कुणी घेणार नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली. हात गेला तो गेला, आता त्याची दादही लागणार नव्हती, आणि तेही माझ्याच माणसामुळे. तिथेच बाहेर एक वकीलबाई बसायच्या. त्यांना सगळं सांगितलं. "दावा मी उद्याच लावते," त्या म्हणाल्या, "पण दवाखान्याचे मूळ कागद आणा. कागद तुमचे आहेत, मागायला लाजू नका."

कागद जावयांच्या ऑफिसात होते; आणायला जातेय म्हणून लेकीला फोन केला. ती रडकुंडीला आली. "आई, रविवारी घरी बोलू ना. ऑफिसात तमाशा नको गं."

"रविवारी मुदत संपलेली असेल, बाळा. आणि तमाशा कुठला? नंबर लावते."

जावयांच्या ऑफिसात मी पक्षकारांच्या बाकावर जाऊन बसले. माझ्याआधी दोघे होते. जावई दारात आले नि चपापले. "आई! बाहेर काय बसलात? आत या ना."

"येते. माझा नंबर येऊ दे, वकीलसाहेब."

बाकावरचे दोघे सरसावून बसले. माझा नंबर आल्यावर मी आत गेले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "माझे कागद द्या. केस दुसरीकडे नेतेय."

त्यांचा चेहरा पडला. "अहो, पुढच्या आठवड्यात लावणारच होतो. सासूने जावयाला काढलं, लोक काय म्हणतील?"

"मुदत शुक्रवारी संपतेय. माहीत होतं?"

ते उठले. कपाटात शोधू लागले. फाइल सापडली ती अगदी खालच्या कप्प्यात, जुन्या कॅलेंडरांखाली. मला राग आला, रडू आलं. दोन्ही गिळलं.

"कागद मिळाले म्हणून सही करा," त्यांनी पेन पुढे सरकवलं. वकिली तेवढी शाबूत होती. मी रुमाल सोडला. कागद हलू नये म्हणून उजवा हात त्यावर दाबून धरला आणि डाव्याने एकेक अक्षर काढलं. वेळ लागला. जावई सहीकडे बघतच नव्हते.

"आई, हे एवढं..."

"हो, एवढं. फाइलमध्ये फोटो आहे. उघडली असती तर दिसला असता."

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी दाव्यावर शिक्का मारला. मागे वळले तर जावई उभे, न बोलावता आलेले. बाईंनी विचारलं, "हे तुमचे वकील का?"

"नाही. वकील बदलला. हे माझे जावई, ते मात्र तेच आहेत."

फाइल घ्यायला त्यांनी हात पुढे केला. ती मी वकीलबाईंकडे दिली.

"रविवारी जेवायला या," मी त्यांना म्हटलं. "पण वाढायचं तुम्ही."