बागेसाठी ओतलेली जिन

शहर हिरवं करायचं म्हणजे आधी गरिबाची चूल फोडायची, एवढं शास्त्र शहर सुशोभीकरणाच्या साहेबांना, डॉक्टर ओफोसूंना, पक्कं ठाऊक होतं. अक्राच्या खाडीकाठी फुलबाग व्हायची होती आणि देदेईच्या मासे धुरवायच्या भट्ट्या आड येत होत्या. त्यांचा धूर म्हणे शहराचा श्वास कोंडतो. हे सांगायला साहेब मोटारींचा ताफा घेऊन आले, आणि भाषण संपेपर्यंत एकाही मोटारीचं इंजिन बंद झालं नाही.

देदेईचा खरा संताप मात्र काकांवर होता. जमीन मागताना आणलेली जिनची बाटली घेतली की घराण्याचा होकार झाला, हे गा जमातीतलं शेंबडं पोरही जाणतं. घराण्यातले थोरले म्हणून आमार्काई काकांनी साहेबांकडून आलेली बाटली घेतली, वर रिकामीही केली.

"मला वाटलं, मयतासाठी पाठवलीय," काका पुटपुटले.

"कुणाच्या मयतासाठी? माझ्या?" देदेई कडाडली. "या भट्ट्यांवरच घर चालतं माझं, आणि तुमचंही. आता फुलं खाणार का?"

पूर्वजांना जिन ओतल्याशिवाय इथे कुदळ पडत नाही. तो मान काकांचा; पण ते भरलेला पेला घेऊन मागेमागेच सरकू लागले. देदेईने त्यांच्या हातातला पेला हिसकावला. बाई पुढे आली म्हणून साहेब हरखले. फोटो झकास येणार होता. ते दूर कुमासीकडचे, वेगळ्या भाषेचे. अक्रात केस पिकले, तरी गा भाषा ओ की ठो कळत नव्हती. दर ओळीला 'हियाव', म्हणजे 'तसंच होवो', म्हणायचं, एवढं त्यांना पढवलेलं होतं.

"पूर्वजांनो, या, प्या!"

"हियाव!" सगळे म्हणाले.

"या भट्ट्यांना जो हात लावेल, त्याचा हात झडो!"

लोक चरकले. साहेब एकटेच खच्चून ओरडले, "हियाव!"

"जो लावायला सांगेल, त्याच्या घरी चूल न पेटो!"

"हियाव!"

मग साहेबांनी बुलडोझरला खूण केली. चालक लारिया गा माणूस. तो खाली उतरला आणि त्याने किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली.

"मला दोन्ही हात हवेत, साहेब. तुम्हीच चालवा."

कुणीतरी साहेबांच्या कानात शापाचा अर्थ सांगितला. परदेशी पदव्यांच्या त्या विद्वानाने किल्ली इंगळासारखी खाली टाकली. ती उचलायला ताफ्यातलं कुणीही वाकलं नाही.

उद्या ते परगावचा चालक आणतील, हे देदेईला कळत होतं. पण आजची मासळी आजच धुरवायला हवी होती.

"काका, लाकडं फोडा," ती म्हणाली. "तुमचे हात अजून आहेत ना जागेवर?"